घर सोडून सगळीकडे

भाऊंचा सर्व्हर साऱ्या जगात चालत होता. चालत नव्हता तो फक्त भाऊंच्या घरात.

सर्व्हर म्हटल्यावर कोणी थंडगार खोलीतली, लुकलुकत्या दिव्यांची लोखंडी कपाटं डोळ्यांसमोर आणली असतील तर त्यांनी ती कृपया परत नेऊन ठेवावीत. भाऊंचा सर्व्हर म्हणजे मुलीनं नोकरीला जाताना टाकून दिलेला लॅपटॉप. पडदा फुटलेला, स्पीकर मुका आणि कळफलकावरच्या कळा म्हाताऱ्याच्या दातांसारख्या जागोजाग गेलेल्या. हॉलमधल्या माळ्यावर, जास्तीच्या गाद्या आणि कधीच न लागणारी पातेली यांच्या मध्ये तो अखंड घुरघुरत पडलेला असे. पण भाऊ त्याचा उल्लेख "आमचा सर्व्हर" असा करत, आणि करताना त्यांची मान आपोआप वर जाई. माळा वर होता म्हणूनही जात असेल.

या सर्व्हरवर अप्पांचा आवाज होता.

अप्पा म्हणजे भाऊंचे वडील. शाळेत गणित शिकवायचे. त्यांना नाद एकच, टेपरेकॉर्डरचा. लोक कॅसेटवर गाणी भरून घेतात, अप्पांनी घर भरून घेतलं. ताईचं पाढे म्हणणं, भाऊंचं पाढे चुकणं, घड्याळाचे ठोके, नळाला पाणी आल्याची आरडाओरड आणि आईचं रागावणं. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला ते यंत्राच्या अगदी जवळ तोंड नेऊन विचारायचे, "चालू आहे का हे?" यंत्र चालू असायचं, म्हणून तर प्रश्न शिल्लक राहिला. प्रश्नकर्ते दोन वर्षांपूर्वी गेले.

त्यानंतर आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, हाड उत्तम जुळलं. आई मात्र मधल्या खोलीतल्या पलंगावरून उठेना. पलंग ते संडास आणि संडास ते पलंग, तेही सुनेच्या खांद्यावर हात टाकून. एवढाच तिचा प्रवास. डॉक्टरांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हाडाचं काम संपलं. आता त्यांनी पाय टाकला नाही तर स्नायू जातील, आणि मग त्या कायमच्या अंथरुणाला खिळतील. कसंही करून चालतं करा."

आईला हे सांगितलं की ती शांतपणे विचारायची, "चालून जायचं कुठे?"

या प्रश्नाला भाऊंकडे उत्तर नव्हतं. म्हणून त्यांनी आलेख काढला. भाऊ पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत होते. ज्याचं मोजमाप होत नाही ते सुधारत नाही अशी त्यांची श्रद्धा होती. आईच्या समोरच्या भिंतीवर त्यांनी आलेखाचा कागद लावला, आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर पावलं, आणि रोज ऑफिसहून आल्यावर पायातले बूट न काढता पेन्सिल घेऊन उभे राहू लागले. "आज किती, आई?" आठवडाभरात आलेखाची रेघ जमिनीला समांतर झाली आणि आईनं भिंतीकडे पाठ करून झोपायला सुरुवात केली.

तेव्हा भाऊंनी ठरवलं, चालत नाही तर नाही, निदान तिचं मन तरी रमवू. अप्पांच्या कॅसेट माळ्यावरून निघाल्या. रोज ऑफिसहून आल्यावर एकेक कॅसेट संगणकात उतरवायची, खरखर काढायची आणि तिला नाव द्यायचं, असा उद्योग सुरू झाला. नावंही प्रयोगशाळेच्या शिस्तीची: 'ध्वनिनमुना सात: छत्री प्रकरण, मातोश्री विरुद्ध पिताश्री.' हे सगळं कुठल्याशा परक्या कंपनीच्या हवाली करायचं भाऊंच्या तत्त्वात बसत नव्हतं. घरातला आवाज घरातल्या सर्व्हरवरच राहील. परदेशातल्या ताईला ऐकता यावं म्हणून त्यांनी साइटला रीतसर नाव घेतलं, आणि आईसाठी मोठ्या अक्षरांचा नवा टॅबलेट आणला.

उद्घाटनाच्या दिवशी आईला उशांना टेकवून बसवण्यात आलं. तिनं केस नीट करून घेतले, चष्मा पदरानं पुसला. भाऊंनी टॅबलेटवर साइटचं नाव टाकलं. पान उघडलं. त्यावर अप्पा नव्हते. एक राखाडी चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं: 'प्रशासकाचा पासवर्ड टाका.'

आईनं चष्म्यातून ते सावकाश वाचलं. "तुझ्या अप्पांशी बोलायला आता पासवर्ड लागतो का रे?"

"नाही आई, जरा काहीतरी... एक मिनिट."

त्याच मिनिटाला परदेशातून ताईचा फोन आला. ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. "भाऊ, अरे काय केलंस हे! अप्पा अगदी माझ्या स्वयंपाकघरात बोलतायत रे! आई, छत्रीचं भांडण ऐकलंस का?"

"इकडे अजून पोचलं नाही," आई म्हणाली. "तुझ्याकडून निघालं की कळव."

आता झालं होतं काय, ते थोडक्यात सांगायला हवं. इंटरनेट कंपनीनं घरात जो डबा बसवलेला असतो, रूटर म्हणतात तो, तो घराचा रखवालदार. बाहेरचा कोणी साइटचं नाव विचारत आला की हा रखवालदार त्याला अदबीनं माळ्यावरच्या लॅपटॉपपाशी नेऊन सोडतो. पण घरातल्याच माणसानं ते नाव विचारलं की त्याला वाटतं, हे तर माझंच दार. मग तो त्याला आपल्या केबिनमध्ये बसवतो आणि विचारतो, पासवर्ड काय? नावाऐवजी घरातला आकडी पत्ता टाकून पाहावा, तर भाऊंनीच सर्व्हरला शिस्त लावलेली: कोणी आकड्यांनी आला तर त्याला सांगायचं, नावानं ये. म्हणजे पुन्हा केबिन. भाऊ स्वतः मागच्या दारानं, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून आत जात. पण आईला अप्पांच्या भेटीला मागच्या दारानं न्यायचं? छे.

"अहो," बायको म्हणाली, "पेन ड्राइव्हवर घालून द्या की. आत्ता लगेच ऐकतील त्या."

"मग सर्व्हर कशाला केला?"

"तेच मी विचारतेय."

"तत्त्वाचा प्रश्न आहे," भाऊ म्हणाले, आणि शिडी आणायला गेले. तत्त्वाचा प्रश्न निघाला की भाऊ नेहमी शिडी आणायला जातात.

शिडीचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे पूलवाले वर आले. पूलवाले म्हणजे निवृत्त इंजिनिअर. हयातभर पूल बांधले, त्यामुळे कुठलीही गोष्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचत नसेल तर तो आपला विषय आहे असं ते मानत.

"उंची!" त्यांनी रूटरकडे पाहताच निदान केलं. "डबा खाली आहे, सर्व्हर वर आहे. पाणी कधी चढावर जातं का? तुम्ही तर पाण्याच्याच खात्यातले."

"हे पाणी नाही हो."

"प्रवाह तो प्रवाह."

भाऊ एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहणारे. पूलवाले सगळं एकदम बदलून, हात झटकून, "आता बघा," म्हणणारे. त्यांनी रूटर कपाटावर चढवला, वायरी उलटसुलट लावल्या आणि मागचं एक बारीक बटण टाचणीनं दाबलं. त्यानंतर भाऊंचा सर्व्हर घरात चालत नव्हताच, तो साऱ्या जगातही चालेनासा झाला, आणि बायकोचं घरून चालणारं हिशेबाचं कामही बंद पडलं. "बघा," पूलवाले समाधानानं म्हणाले, "आता निदान सगळीकडे सारखं आहे." सगळं पूर्ववत करण्यात भाऊंचा शनिवार गेला.

मग भाऊंनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. बरंच संगीत ऐकून झाल्यावर एक गोड आवाज आला.

"सर, आपली समस्या सांगा."

"माझी वेबसाइट माझ्या घरात उघडत नाही."

"नाव सांगाल, सर?" पलीकडे टकटक झाली. "उघडली, सर."

"तुमच्याकडे उघडणारच हो."

"हो सर, लगेच उघडली. सर, यात कोणीतरी छत्रीवरून खूप रागावतंय."

"ती माझी आई."

"आवाज अगदी स्पष्ट आहे, सर. आणखी काही मदत करू शकते?"

भाऊंनी रखवालदार, केबिन, मागचं दार असं सगळं समजावून सांगितलं. बाईंनी मनापासून ऐकून घेतलं, दोनदा "अच्छा" म्हणाल्या आणि मग संदेश आला: 'आपली साइट आमच्या कार्यालयात तपासली असता व्यवस्थित उघडते. तक्रार बंद करत आहोत.' भाऊंनी ती पुन्हा उघडली. कंपनीनं पुन्हा बंद केली. हे इतक्या वेळा झालं की मदतकेंद्रातल्या मंडळींना छत्री प्रकरण पाठ झालं असावं. एकानं तर विचारलं, "सर, पुढे ती छत्री सापडली का?" ज्या घरात ते भांडण झालं त्या घराला सोडून सगळ्यांना ते ऐकू येत होतं.

शेवटी कंपनीनं माणूस पाठवला. त्यानं आधी आत येऊन टॅबलेट पाहिला.

"हे आमच्या रूटरचं पान आहे, साहेब."

"तेच म्हणतोय मी!"

"म्हणजे रूटर चालू आहे," तो म्हणाला आणि फॉर्मवर बरोबरची खूण केली. "आता साइट बघू." साइट बघायला तो खिशातला मोबाइल घेऊन जिन्यावर गेला. भाऊंचं घर इमारतीच्या आतल्या अंगाला. मोबाइलची रेंज घरात शिरतच नसे, ती जिन्यातच थांबे; घरात बोलायचं ते लँडलाइनवरच. त्यानं नाव टाकलं, आवाज वाढवला, आणि रिकाम्या जिन्यात खणखणीत आवाज घुमला: "चालू आहे का हे?"

मधल्या खोलीतून आईची हाक आली. "कोण बोललं रे?"

"कंपनीचा माणूस आहे, आई!"

"तो नाही."

पण भाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं. ते दारात एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून भांडत होते. "अहो, हे बाहेर चालतंय. आत येऊन दाखवा!"

"आत रेंज नाही, साहेब."

"म्हणून तर तुमचं कनेक्शन घेतलं ना!"

एवढ्यात समोरचं दार उघडलं. समोरच्या काकू निवृत्त परिचारिका, एकट्या राहणाऱ्या. ओला हात पदराला पुसत त्या बाहेर आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. "मास्तर बोलले का आत्ता?" मोबाइलमध्ये आई अप्पांना झाडत होती आणि अप्पा अधूनमधून "बरं" म्हणत होते. काकूंनी पूर्ण ऐकलं, डोळे पुसले आणि साइटचं नाव विचारून घेतलं. मागे बायकोही येऊन उभी राहिली होती. ती एकदा काकूंकडे बघत होती, एकदा मधल्या खोलीच्या दाराकडे. आतून पलंग करकरला. भाऊ तेव्हा फॉर्मवर सही करायला नकार देत होते.

तक्रार बंद झाली ती झालीच. पुढचे काही आठवडे भाऊ दुखावलेल्या माणसाच्या शांततेनं वावरले. ऑफिसातून येत, आईच्या खोलीत डोकावत, ती भिंतीकडे पाठ करून पडलेली दिसे. आलेखाची रेघ कधीच थांबली होती. एकदा त्यांना वाटलं, आईच्या चेहऱ्यावर जरा तुकतुकी आलीय. पण तुकतुकी मोजायचं एकक नसल्यामुळे त्यांनी ते निरीक्षण बाद केलं.

मग त्यांना चोर सापडला.

सर्व्हर येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतो. ती चाळताना भाऊंना दिसलं की ताई आणि मदतकेंद्र सोडून आणखी कोणीतरी साइटवर येतंय. रोज दुपारी, एकाच ठिकाणाहून, आणि तासतासभर मुक्काम करतंय. छत्री प्रकरण तर पुन्हा पुन्हा ऐकतंय. भाऊ हादरले. आपल्या आईवडिलांचं भांडण कोणी परका माणूस रोज दुपारी, जणू चहाबरोबर, ऐकतो आहे!

पूलवाल्यांनी तर धाबंच दणाणवलं. "आवाज चोरतायत, भाऊ! हल्ली नमुना मिळाला की हुबेहूब आवाज तयार करतात. उद्या मास्तरांच्या आवाजात बँकेला फोन जाईल."

"अप्पा जाऊन दोन वर्षं झाली."

"बँकेला कुठे माहितीय?"

भाऊंनी खातं कधीच बंद केलं होतं, पण चोर तो चोर. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ते कॉम्प्युटर मांडीवर घेऊन हॉलमध्ये दबा धरून बसले. मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आई झोपली असणार.

"अहो, पडा की जरा," बायको म्हणाली. "रविवारी तर रोज... म्हणजे दर रविवारी झोपता."

"आज नाही."

"डोळे किती लाल झालेत बघा. मी पांघरूण आणू?"

"तू माझ्या झोपेच्या मागे का लागलीयस?"

ती समोरच्या दाराकडे बघत बसली. एवढ्यात नोंदीत नवी ओळ उमटली. चोर आला होता. त्यानं सरळ छत्री प्रकरण लावलं. भाऊंनी आज्ञा टाइप केली आणि कळ दाबली. त्या पत्त्याला सर्व्हरचं दार कायमचं बंद.

"हाकललं!" भाऊ ओरडले.

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, काय केलंत!"

समोरच्या घरात काहीतरी बोलणं झालं. खुर्ची सरकली. मग जिन्यात काठीचा आवाज. टक, थांबणं, टक. भाऊंच्या घराचं दार उघडलं आणि आई आत आली. एका हातात काठी, दुसरा हात कमरेवर. मागे दारात काकू, पण आधार द्यायला नव्हे, गंमत बघायला.

"अप्पांना कोणी बंद केलं रे?"

भाऊ आधी मधल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे बघत राहिले. "आई, तू... तू आत झोपली होतीस ना?"

"मी काय विचारतेय? आत्ता कुठे ते छत्री शोधायला निघाले होते, तेवढ्यात गप्प! काकूंच्या फोनवर नुसतं पांढरं पान."

"तू उभी आहेस, आई."

"मग काय रांगत येऊ?"

भाऊंना उठायचं होतं, पण मांडीवर कॉम्प्युटर होता. घरातल्या ज्या माणसासाठी सर्व्हर उभा केला, त्या एकाच माणसाला त्यांनी प्रयत्नपूर्वक, आज्ञा देऊन, हाकललं होतं. आणि ते माणूस हाकललं गेलं म्हणून चालत येऊन समोर उभं होतं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या दिवशी जिन्यातून अप्पांचा आवाज ऐकून आई आपणहून उठून मधल्या खोलीच्या दारापर्यंत आली होती. दुसऱ्या दिवशी काकू बोलवायला आल्या. काकूंकडे दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट. तिथे रखवालदाराचा प्रश्नच नाही. पहिल्यांदा सून आणि काकू दोन बाजूंना, मग एकटी सून, मग नुसती काठी. भाऊ ऑफिसात असताना जायचं, यायच्या आत पलंगावर येऊन भिंतीकडे पाठ करायची. रविवारी ते जेवायला बसले की निघायचं, त्यांच्या झोपेत परतायचं.

"पण मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू पेन्सिल घेऊन जिन्यात उभा राहिला असतास," आई म्हणाली.

हे इतकं खरं होतं की भाऊंना राग यायलाही जागा नव्हती. "आणि तू?" त्यांनी बायकोकडे मोर्चा वळवला. "सगळं करायचंच होतं तर सरळ पेन ड्राइव्ह..."

"तो केव्हाच दिलाय," बायको म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात. टॅबलेटला लावूनही दिला होता. चष्म्याच्या डबीत आहे त्यांच्या."

भाऊंनी आईकडे पाहिलं. तिनं काठीची मूठ उगाचच अंगठ्यानं पुसली.

"लावला होता मी एकदा. ते बोलायला लागले आणि खोलीत कोणीच नाही. एकटीनं नाही रे ऐकवत. समोर हिच्याकडे बसलं की ही विचारते, मग पुढे काय झालं? मग मला सांगता येतं." एवढं बोलून ती सावरली. "आता बोलत काय बसलायस? चालू कर ते."

भाऊंनी बंद केलेलं दार उघडलं. आज्ञा दोनदा चुकली. दोन्ही वेळा आईनं मागून "हं," केलं, अगदी पाढे चुकल्यावर करायची तसं. मग ती वळली आणि काकूंच्या पुढे होऊन समोरच्या घरात गेली. भाऊ दारात उभे राहून बघत होते. पावलं मोजायची नाहीत असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि आयुष्यात प्रथमच ते त्यांना जमलं. मागे येऊन त्यांनी भिंतीवरचा आलेख काढला. बायकोकडे बघून काहीतरी म्हणायला गेले. "कळलं," ती म्हणाली. "चहा टाकते."

पुढच्या महिन्यात कंपनीनं सगळ्यांचे जुने रूटर बदलून नवे दिले. नव्या रखवालदाराला घरातल्या माणसांची ओळख पटत असे. भाऊंनी टॅबलेटवर नाव टाकलं आणि मधल्या खोलीत अप्पा बोलले. आई सगळं ऐकून म्हणाली, "छान येतंय रे. अगदी स्वच्छ." तिनं टॅबलेट भाऊंच्या हातात परत दिला, त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि चपला पायात सरकवल्या. "जाते. ती वाट बघत असेल."

थोड्या वेळानं कंपनीचा फोन आला. तोच गोड आवाज. "सर, आपण आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

"बाई," भाऊ म्हणाले, "तुम्ही माझी तक्रार न सोडवता दर वेळी बंद केलीत, त्याबद्दल मी तुमचा जन्मभर ऋणी आहे."

"सर, म्हणजे हो लिहू की नाही?"

"सोडवली असतीत ना, तर माझी आई आज पलंगावर असती."

"सर, एवढं लिहायला इथे जागा नाहीये."

"मग नुसतं हो लिहा. आणि सांगायचं राहिलं. छत्री सापडली होती. वडिलांच्याच हातात होती."

पलीकडे बाई कंपनीचा स्वर विसरून खळखळून हसल्या. भाऊंनी फोन ठेवला. दोन्ही घरांची दारं उघडी होती. समोरून कॅसेटची खरखर ऐकू आली, मग अप्पांचा तो नेहमीचा प्रश्न, "चालू आहे का हे?" आणि लगेच, जणू ते तिथेच खुर्चीत बसलेत अशा सुरात, आईचं उत्तर आलं.

"आहे हो. बोला."